उजव्या खांद्यावरचा दाणा

ये, अशी जवळ सरक. तू नांदेडला अन् मी रेणापुराजवळच्या या खेड्यात, मधी दोन बशी बदलायच्या, हे मलाबी कळतं. पण वाचताना तरी जवळ बसल्यावानी वाच. आधी तुला रागावून घेते, मग बाकीचं.

आयतवारी आलीस, अर्धा दिवस टेकलीस, ताटातली चतकोर भाकर खाल्लीस अन् बाकीची वाटीखाली झाकून ठेवलीस. मला दिसलं नाही असं वाटलं का तुला? मोरीपाशी हात धुताना, पाण्याच्या आवाजात, माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "मोठी आई, दुपारच्याला स्वयंपाकघरात मला आईची हाक ऐकू येते. अगदी स्पष्ट. मागं वळावं तर कुणी नाही. आईला झालतं तेच मला होऊन राहिलं का? कुणाला सांगू नको." अन् दीडच्या बसनं निघून गेलीस. असं अर्धं बोलून जातं का गं कुणी? दूध चुलीवर ठेवून शेजारी गप्पा मारायला गेल्यासारखं झालं हे. मी चार दिवस ते दूध बघत बसलेय.

तुझ्या आईला काय झालं होतं, हे तुला नीट ठाऊकच नाही. तू सात वर्षांची होतीस. तुला आठवतं ते एवढंच की आईच्या अंगात देवी यायची, दारात चपलांचा ढीग पडायचा, अन् तुझी वेणी मी घालायचे, तीबी वाकडी. म्हणून सगळं लिहून राहिले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं लिहिणं-वाचणं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा कुठं काना-मात्रा चुकली तर समजून घे.

लिहू का, असं तुझ्या आईलाच विचारलं. ती तुरी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा की अक्का. नाव तेवढं नका टाकू. अन् मी लई रडले-बिडले असं काय लिहू नका, तसलं काही नव्हतं." म्हणून कुणाचंच नाव टाकत नाही. माझंसुद्धा.

तुझी आई किनवटकडची. तिकडं सागाचं रान. लग्न होऊन आली तेव्हा आमचं हे उघडं-बोडकं शिवार बघून पहिल्याच दिवशी मला विचारलं, "अक्का, तुमच्या गावात सावली कुठं ठेवलीय?" मी इतकी हसले की तुझ्या आजीनं आतून हटकलं. आम्ही दोघी जावा, पण आमचं जुळलं ते त्या एका वाक्यावर. ती हसताना तोंडात पदर कोंबायची, कारण आजीला हसणं चालायचं नाही. पदराचं टोक कायम ओलं.

मग ते सोयाबीनचं वर्ष आलं. मळणीचं मशीन दुसऱ्या दिवशी येणार होतं. अन् किनवटहून फोन आला, तुझ्या आईची आई लई आजारी हाय, पाठवून द्या. तुझी आई पिशवी भरायला लागली. पंधरा माणसांच्या भाकरी होत्या दुसऱ्या दिवशी. थापायला आम्ही दोघीच. तेव्हा एक जण म्हणालं, "उद्याचं मशीन होऊ दे बाई, परवा सकाळच्या बसनं जा. एका दिवसानं काय होतंय."

कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सांगताना "घरचे म्हणाले" असं सांगायचे. घरचे नाही. आजी नाही, तुझे बाबा नाहीत. मी म्हणाले.

ती थांबली. भाकरी केल्या. परवा निघाली, नांदेडला बस बदलली, अन् पोचली तेव्हा राखसुद्धा गार झाली होती.

परत आली ती गप. रडली नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. उलट कामाला जोर आला. सकाळी उठून बघावं तर अंगण सारवलेलं, अन् सारवलेल्यावर परत सारवलेलं. आम्हाला वाटलं, बरी सावरली. आजी तर म्हणाली, "आता कुठं हिला कामाची गोडी लागली." पुढं एका मंगळवारी देवघरात आरती चालू असताना तिच्या हातातून टाळ पडला, केस सुटले, अन् ती घुमायला लागली. गळ्यातून आवाज आला तो तिचा नव्हता. जाडा, मोठा. आजी हात जोडून खाली बसली.

आता तुला खरं सांगू? मला भीती नाही वाटली. आनंद झाला. आपल्या घरात आई आली, असं वाटलं. कुंकवाचा करंडा घेऊन मीच पुढं झाले.

पुढच्या मंगळवारी शेजारपाजारचे आले, त्याच्या पुढच्या मंगळवारी अर्धं गाव. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या लेकीचं जमंना, कुणाचं बोअर आटलं. सगळे विचारायचे अन् ती सांगायची. मीबी विचारलं. माझ्या थोरल्याला नोकरी लागंल का? म्हणाली, "लागंल." अन् लागलीच की गं! महिन्याच्या आत लागली. मग तर काय, माझा विश्वास पक्का. आजी, जिनं कधी तुझ्या आईच्या भाकरीला धड गोल म्हटलं नाही, ती मंगळवारी तिच्या पायावर डोकं ठेवायची. अन् देवी निघून गेली, तुझी आई शुद्धीवर आली की त्याच तोंडानं म्हणायची, "झालं का? टाक बाई च्या आता सगळ्यांना." ती उठायची अन् चहा टाकायची. पंचवीस-तीस कप.

अडीच महिने हे चाललं. आमच्या डोळ्यांदेखत ती वाळत गेली, अन् आम्हाला ते तेज वाटलं. खात नाही म्हणजे देवीचा उपास. झोपत नाही म्हणजे देवीचं जागरण. एकटीच बोलते म्हणजे देवीशी बोलते. सगळ्याला आमच्याकडं उत्तर तयार. येडे नव्हतो आम्ही, माया होती आमची तिच्यावर. पण देवी म्हणून हात जोडले, की त्याच बाईच्या कपाळाला हात लावून ताप बघायचं सुचत नाही.

ते सुचलं बांगडीवालीला.

लातूरहून एक खाला यायची बांगड्या घेऊन, डोक्यावर टोपली, तिच्या सासूच्या काळापासून आपल्या घरी राबता. संक्रांतीच्या बांगड्या मार्गशीर्ष अवसेच्या येळवशीआधीच भरून घ्यायच्या असा आमचा नेम. तिनं तुझ्या आईचा हात हातात घेतला, अन् तसाच धरून ठेवला.

"अगं माझ्या बाई," खाला म्हणाली, "गेल्या खेपेला सव्वादोन मापाची चढवताना माझा घाम निघाला होता. आता दोनची भरली तर हात खाली केला की पडायली. अक्का, तुमची देवी उपाशी हाय का?"

आजी ओट्यावरून म्हणाली, "अंगात असल्यावर उपास असतो."

"अन् अंगातून गेल्यावर?"

खालानं उरलेल्या बांगड्या टोपलीत भरल्या. बांगड्यांचा तेवढा आवाज. जाताना खालानं मला कोपऱ्यात घेतलं. "माझ्या भाच्याला बाहेरचा असर झाला होता. चार पोरं धरायला लागायची त्याला. दर्ग्यावर न्हेला, धागा बांधला. डॉक्टरकडंबी न्हेला. धागा हाताला, गोळी पोटाला. दोघांचं भांडण होत न्हाई अक्का, आपणच लावून देतो." अन् लातूरच्या एका डॉक्टरीणबाईचा पत्ता सांगितला. मनाची डॉक्टरीण.

त्या दुपारी तुझी आई भांडी घासत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले, एक तवा ओढून घेतला, अन् विचारलं, "काल झोपलीस का गं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कुणाला विचारून राहिल्यात अक्का? मला का अंगातल्या आईला?"

"तुला."

हाताला राख तशीच. "न्हाई ओ," म्हणाली. "लई दिस झाले."

अडीच महिन्यांत गावानं तिला शेकड्यानं प्रश्न विचारले असतील. हा कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा.

डॉक्टरकडं जायचं तर आजीला काय सांगायचं? माझ्या चष्म्याची एक काडी मी स्वतःच्या हातानं मोडली. "चष्मा करायचाय, लातूरला जाऊन येतो, हिला सोबतीला नेते." आजी म्हणाली, "दोऱ्यानं बांध की." मी म्हणाले, दोरा कानाला टोचतो. आयुष्यात आजीपुढं एवढं खोटं मी कधी बोलले नव्हते. बसमध्ये तुझी आई म्हणाली, "अक्का, चष्मा चांगला होता ओ तुमचा." मी खिडकीतून बाहेर बघितलं.

डॉक्टरीणबाई तुझं आता वय आहे तेवढ्याच वयाची असंल. मला वाटलं होतं ती म्हणंल, काय ही अंधश्रद्धा, शिकलेल्या दिसता अन् असं कसं. तसं काही म्हणाली नाही. तिनं विचारलं, "किती दिवस झोप नाही?"

"माझी आई गेली तवापासून. मला एक दिस उशीर झाला."

मी फरशीकडं बघत बसले.

"देवी येते तेव्हा कसं वाटतं?"

तुझी आई थोडा विचार करून म्हणाली, "बरं वाटतं. तेवढ्या वेळ कुणी काम सांगत न्हाई."

डॉक्टरीणबाईला हसू आलं. मलाबी आलं. मग तुझ्या आईलाच आलं, अन् तिनं पदर तोंडात कोंबला. कितीतरी दिवसांनी ते पदराचं टोक ओलं झालं. मला वाटलं, झालं, बरी होणार ही.

मग बाईनं विचारलं, "आणखी काही ऐकू येतं? हाक वगैरे?"

तुझ्या आईनं आधी माझ्याकडं बघितलं. "येती. विहिरीतून माय हाक मारती. म्हणती, ये गं, आता तरी उशीर करू नको."

माझ्या अंगावर काटा आला तो देवीच्या भीतीनं नाही. मळ्यातल्या विहिरीवर रोज दोन घागरी आणायला तिला मीच पाठवत होते.

डॉक्टरीणबाईनं मला सगळं नीट सांगितलं, तुझ्या आईसमोरच, लपवून नाही. म्हणाली, अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते. कितीतरी बाया जत्रेत घुमतात अन् संध्याकाळी घरी येऊन पोळ्या लाटतात, त्यांना कुणी औषध देत नाही. "तुमच्या देवीशी माझं काही भांडण नाही. पण ही झोपत नाही, जेवत नाही, आणि हाक हिला विहिरीकडं बोलावतेय. हा आजार आहे, दुःखातून आलेला, आणि याला औषध आहे." गोळ्या दिल्या. विहिरीकडं एकटीला सोडू नका म्हणाली. दहा दिवसांनी परत आणा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये गोळ्यांची पिशवी तुझ्या आईच्या मांडीवर. रेणापूर जवळ आलं. मग म्हणाली, "अक्का, मी ह्या गोळ्या न्हाई घेणार. आईला विचारल्याबिगर न्हाई."

"देवी नाही म्हणणार नाही गं."

"देवीचं न्हाई ओ. गोळी घेतली अन् हाक बंद झाली तर? माझी माय मला परत हाक कशी मारंल?"

मी तिचा हात धरून बसले. कंडक्टर तिकीट विचारायला आला तरी सोडला नाही.

घरी आल्यावर आजीनं पहिलं माझ्या चष्म्याकडं बघितलं. काडी तशीच लोंबत होती. मी विसरलेच होते गं दुकानात जायला! मग काय, सगळं बाहेर आलं. आजी ओरडली नाही. बराच वेळ सुपारी कातरत बसली, अन् म्हणाली, "येळवस आठ दिसांवर हाय. कौल लावायचा. आईनं उजवा दिला तर घेईल गोळ्या. डावा दिला तर ओढ्यात टाकायच्या, अन् परत नाव काढायचं न्हाई."

तुझी आई लगेच म्हणाली, "चालंल."

त्या आठ दिवसांत मी तिची सावली झाले. ती रानात गेली की मी रानात, ती न्हाणीत गेली की मी दाराशी. घागरी मी भरायचे. "अक्का, तुमच्या अंगात कोण आलंय?" असं एकदा तिनंच मला विचारलं.

आता कौलाचं तुला सांगायला पाहिजे, कारण तुझ्या शहरातल्या मैत्रिणींना सांगशील तर त्या हसतील. येळवशीला सगळं गाव शेतात असतं. कडब्याची झोपडीवजा कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, आंबिलीनं भरलेलं बिंदगं, भज्जी, बाजरीचे उंडे, हे तर सगळीकडं. पण आपल्या बांधावर लिंबाखाली लक्ष्मीआईचा दगड आहे, गुडघ्याएवढा, वर डोकं अन् खाली दोन खांद्यांसारखे उतार. वर्षाची मोठी गोष्ट आपलं घर त्या दिवशी तिला विचारतं. दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटानं ज्वारीचा एकेक दाणा लावायचा. विचारणाऱ्यानं दगडाला कपाळ टेकवायचं अन् मागं सरून बसायचं. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. अन् दाणे लावायचा मान थोरल्या सुनेचा. म्हंजे माझा.

मी काय केलं असेल, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. आदल्या दिवसापासून माझं ठरलं होतं. उजवा दाणा कोरड्या बोटानं निस्ता टेकवायचा. डावा घट्ट बसवायचा. उंड्याला लावलेला गूळ मी अंगठ्याला चोळून ठेवला होता. देवीपुढं लबाडी. पण मला ती विहीर दिसत होती.

सगळे मागं बसलेले. आजी, तुझे बाबा, तुझे मोठे बाबा, अन् फ्रॉकमध्ये बोरं घेऊन तू. मी दोन्ही दाणे लावले, मागं सरले, हात जोडले, अन् माझ्या डोक्यात वीज पडल्यासारखं झालं.

मी दगडाकडं तोंड करून बसले होते. माझा उजवा म्हंजे देवीचा डावा! गूळ लावून घट्ट चिकटवला होता तो देवीच्या उजव्या खांद्यावर. अन् डावा दाणा वाऱ्याच्या झुळकीनंच थरथरायला लागला होता.

उठून बदलता तर येत नाही. मनात म्हणाले, आई, मला काय शिक्षा करायची ती कर, पण वारा बंद कर.

तुझी आई पुढं झाली. तिनं कपाळ टेकवलं. टेकवलं ते लवकर उचललंच नाही. आम्हाला वाटलं, बोलून राहिली असेल आईशी. डोकं जरा हललं. मग ती सावकाश मागं सरली अन् बसली. मी डोळे मिटूनच घेतले होते. बघवत नव्हतं.

अन् तू ओरडलीस. बोरं खाली टाकून, टाळ्या पिटत: "उजवा! उजवा! आईच्या कपाळाला आलाय!"

डोळे उघडून बघते तर तुझ्या आईच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, ज्वारीचा दाणा चिकटलेला. देवीचा उजवा खांदा रिकामा. डावा दाणा अजून थरथरत होता, तो त्यानंतर पडला. उशिरा पडला. त्या एका दिवशी उशीर आमच्या बाजूनं होता.

तुझे बाबा म्हणाले, "पण हा पडला कुठं? चिकटलाय."

आजीनं त्यांच्याकडं असं बघितलं! "आईनं भुईवर दिला काय अन् कपाळावर दिला काय. दिला न्हवं? पाणी आणा."

तुझ्या आईनं गोळी घेतली, पाण्यानं नाही, आंबिलीच्या घोटाबरोबर. अन् जेवण झाल्यावर तिथंच, कोपीच्या सावलीला, कडब्यावर झोपली. ऊन उतरलं तरी झोपलेली. आजी उशाशी बसून पदरानं माश्या वारत होती अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावत होती, "हळू बोला रे मुडद्यांनो. झोपलीय ती." दिवस मावळायला लागला, सगळ्यांनी आवराआवर केली, पण आजी हलली नाही. तुझ्या आईला जाग येईपर्यंत आम्ही सगळे शेतात बसून राहिलो.

एका गोळीनं सगळं बरं झालं, असं नाही हं. हाक थांबायला बरेच महिने गेले. दर दहा दिवसांनी लातूर, मग महिन्याला. मंगळवारची गर्दी आजीनंच हटवली, "आई आता विसाव्याला गेलीय" म्हणून. पुढं एकदा बरं वाटतंय म्हणून तुझ्या आईनं मनानंच गोळ्या बंद केल्या अन् परत झोप गेली, तेव्हा मात्र कौलाबिगर स्वतःच बस धरली. अजूनबी नवरात्रात आरतीला तिच्या अंगात येतं. येऊ दे की. आरती संपेपर्यंत येतं, मग ती बसते, अन् चहा आता मी टाकते. कुणी काही विचारायचं नाही, हा घरचा कायदा.

माझ्या लबाडीचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मी एवढा गोंधळ घातला तरी देवीनं सावरून घेतलं. दोन वर्षांमागं तुझे मोठे बाबा गेले. त्यानंतर रोज पाचच्या सुमाराला मला अंगणात त्यांचं खाकरणं ऐकू यायला लागलं. मी चहा दोन कप करायचे. महिनाभर कुणाला बोलले नाही. मग भ्याले अन् तुझ्या आईला सांगितलं. तिनं डॉक्टरीणबाईसारखाच चेहरा केला.

"जेवण जातंय का?"

"जातंय."

"झोप?"

"लागती."

"ते कुठं बोलावून राहिलेत का तुम्हाला?"

"न्हाई गं. निस्ते खाकरतात."

"मग खाकरू द्या की अक्का. जित्तेपणी तरी कुठं गप बसत व्हते." अन् पदर तोंडात. तरीबी दुसऱ्या दिवशी मला लातूरला दाखवून आणलंच. डॉक्टरीणबाईचे केस पिकलेत आता. तीबी म्हणाली, होतं असं माणूस गेल्यावर, जेवताय-झोपताय तर भिऊ नका. अजून कधी कधी ऐकू येतं. मी एकच कप करते, पण जरा मोठा.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी गुळाची गोष्ट तिला सांगून टाकली. म्हटलं, आता तरी माफी मागावी. ती हसायची थांबंनाच.

"मला दिसलं व्हतं ओ, तुमच्या अंगठ्याला गूळ. मी शेजारीच बसले व्हते. मला वाटलं तुम्ही मुद्दामच उजवा घट्ट बसवलाय, मला गोळी मिळू नये म्हणून! चार दिस तुमच्यावर राग धरला मी."

"मग?"

"मग काय. टेकवलं कपाळ अन् घासलं. निघंच ना! सोलून निघालं माझं."

मी तिच्या कपाळाकडं बघितलं. मग विचारलं, "पण मायची हाक बंद होईल म्हणून तूच तर..."

ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "झोपायचं व्हतं अक्का. लई झोपायचं व्हतं."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुला आईची हाक ऐकू येते ती माझ्यासारखी का तुझ्या आईसारखी, हे मला कळत नाही. मी डॉक्टर नाही. दोन पाळ्यांची नोकरी, एकटीचं जेवण, त्यानंबी होत असेल. पण चतकोर भाकर मी बघितली. झोपेचं विचारायच्या आधी तू पळालीस. अन् हाक कुठं बोलावते का, हे मला फोनवर नाही ऐकायचं.

अन् लपवायचं म्हणशील, तर ऐक. मी तुझ्या आईला एक शब्द सांगितला नाही. पण परवा तुरी निवडून झाल्यावर तीच म्हणाली, "पोरगी मोरीपाशी तुमच्या कानात काय बोलली ते मी विचारत न्हाई. पण हात धुताना तिच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं. मी बघितलंय. तिला म्हणावं, भिऊ नको. डॉक्टरीणबाईपुढच्या खुर्चीवर मी बसून आलेय, तिच्या शेजारी बसंन."

तेव्हा बाई, कौलाची वाट बघू नको. येळवस अजून लांब आहे, तेव्हा तर येशीलच, तुझी आई आंबिलीचं बिंदगं आत्तापासून घासून ठेवून राहिलीय. पण त्याच्या आधी ये. या आयतवारीच ये. दीडची बस नको धरू परतीला, दोन दिवस रहा. पहिल्या दिवशी पोटभर जेव अन् झोप, आम्ही कुणाला मोठ्यानं बोलू देणार नाही. दुसऱ्या दिवशी तिघी लातूरला जाऊ. माझ्या चष्म्याची काडीबी परत ढिली झालीय, या वेळी खरंच.